मॅगपायच्या बचावासाठी एक खोटी बॅटरी

खोटी बॅटरी दिसायला हुबेहूब खरीसारखी असते. तोच आकार, तेच सोनेरी ठिपके, फक्त आत काही नसतं. तिच्या अंगातून एक वायर बाहेर येते, आणि त्या वायरीचं दुसरं टोक जिथे जोडाल तिथली वीज कॅमेऱ्याला मिळते. कॅमेऱ्याला वाटतं आपल्या पोटात बॅटरी आहे, आणि एरवी तासाभरात मान टाकणारा खिशातला कॅमेरा दिवसभर जागा राहतो. हे सगळं मी शेजारच्या डेसना कुंपणावरून समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आपल्या कौन्सिलात आहेत असे दोघंतिघं. दिसायला हुबेहूब."

डेस निवृत्त इलेक्ट्रिशियन. त्यांच्या लायसनची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली. सल्ल्याला मुदत नसते.

मला ही खोटी बॅटरी हवी होती एका पक्ष्यासाठी. कुराजाँग स्ट्रीटच्या मध्यावर, थिया स्टामाटियाच्या दारासमोर, फुटपाथला लागून निलगिरीचं एक झाड आहे आणि त्यावर मॅगपायचं घरटं आहे. मॅगपाय हा काळापांढरा आणि वर्षातले साडेदहा महिने अतिशय सभ्य पक्षी. सकाळी थियाच्या कपड्यांच्या दोरीवर बसून तो गातो, तेव्हा रस्त्यावरचे कुत्रेसुद्धा जरा बेतानं भुंकतात. पण वसंतात घरट्यात पिल्लं आली, की उरलेला दीड महिना नर मागून येऊन माणसांच्या डोक्यावर झडपा घालतो. त्या दिवसांत आम्ही डोक्यावर आइस्क्रीमचा डबा पालथा घालून दूध आणायला जातो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. यंदा मात्र त्याने पोस्टमन तेविताला तीनदा गाठलं. तिसऱ्यांदा तेविता तीनचाकी गाडीसकट आडवा झाला, आणि आमच्या रस्त्याचं टपाल बंद झालं. तशी नोटीस आली. ती पेटीत टाकायलाही तेविताच आला होता, पळत.

नोटिशीच्या मागोमाग कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या, लोरेल बाई आल्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं आणि सांगितलं, "तीन आठवड्यांत निर्णय होईल. धोका आहे असं ठरलं तर नराला पकडून शंभर किलोमीटरवर सोडून येतील."

"आणि पिल्लं?" थियाने विचारलं.

"मादी असते ना."

"एकटीने दोन वाढवून बघितलीत कधी?" थिया म्हणाली. "मी बघितलीत. त्यांना पंख नव्हते म्हणून निभावलं."

थिया म्हणजे ग्रीकमध्ये मावशी. स्टामाटियाला सगळा रस्ता थियाच म्हणतो. तिची बहीण अजून तिकडे बेटावर राहते आणि दर आठवड्याला हाताने लिहिलेलं पत्र पाठवते. पक्षी राहिला तर पत्र नाही, पत्र हवं तर पक्षी नाही, असा तो पेच होता. लोरेल बाईंनी तिला यातलं काय हवं असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ऐंशीव्या वर्षी माणसाला दोन्ही हवं असतं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी विज्ञानाची पदवीधर, गावच्या पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. 'धोका आहे' असं कुणी म्हटलं की 'किती?' हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. मी म्हणाले, "तो सगळ्यांवर येतो की काहींवरच? हे कुणी मोजलंय का?"

लोरेल बाईंनी पेनचं टोपण लावलं. "मोजा तुम्ही. पाच दिवसांचं निरीक्षण द्या, सकाळी आठ ते पाच. सलग हवं. मधे खंड पडला तर ग्राह्य धरत नाही."

'सलग' या एका शब्दाने माझा घात केला.

माझा छोटा कॅमेरा समोर काही हललं की फोटो काढतो आणि एरवी डुलकी घेतो. पण डुलक्या धरूनही त्याची बॅटरी दोन तासांच्या पुढे जात नाही. दर दोन तासांनी झाडाखाली जाऊन बॅटरी बदलायची म्हणजे निरीक्षणात खंड आणि पक्ष्याला त्रास. झाडाखाली कुणालाच जावं लागू नये, या उदात्त हेतूने मी खोट्या बॅटरीकडे वळले, हे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं.

पहिला बेत सरळ होता. थियाच्या ओसरीवरून लांब वायर काढायची आणि फुटपाथ ओलांडून झाडापर्यंत न्यायची. पण फुटपाथ कौन्सिलचा. त्यावरून वायर न्यायला अर्ज लागतो, आणि अर्जाबरोबर वायर तपासल्याची चिठ्ठी लागते. चिठ्ठी लायसनवाल्याचीच चालते.

"चाळीस वर्षं या गावातल्या वायरी मी तपासल्या," डेस म्हणाले. "आता मी चिठ्ठी चिकटवली तर गुन्हा. आणि तो पलीकडचा पोरगा, ज्याला मीच प्लायर धरायला शिकवलं, त्याने चिकटवली की कायदेशीर."

"अर्जाला किती दिवस लागतात?"

"अठ्ठावीस."

अठ्ठावीस दिवसांत घरट्यातली पिल्लं उडून गेली असती. म्हणून पॉवर बँक घ्यायचं ठरलं. वीज डब्यात, डबा झाडावर, फुटपाथ मोकळा. खोटी बॅटरी आणि तिची वायर मी मागवली. ती टपालाने आली, आणि आमचं टपाल बंद असल्यामुळे सहा किलोमीटरवरच्या पोस्टात पडून राहिली. थियाची पत्रंही तिथेच अडली होती, पण ती ओळखपत्र दाखवून ज्याची त्यालाच मिळतात, आणि तिला एवढं लांब जाणं होत नाही. पार्सल आणायला गेले तर खिडकीत तेविता. टोंगाहून आलेला सव्वासहा फुटी माणूस. त्या खिडकीत तो चुकीच्या पाकिटात कोंबलेल्या पार्सलासारखा दिसत होता.

"फेरी बंद, म्हणून मला इथे बसवलंय," तो म्हणाला. "दिवसभर शिक्के. माझी आई फोनवर विचारते, रग्बीत तीन दात घालवलेस आणि पाखराला घाबरलास? काय सांगू तिला?"

"सांग, पाखरू मागून येतं."

"तेच सांगितलं. ती म्हणाली, मग उलटा चाल."

घरी येऊन मी वायर पॉवर बँकेला जोडली. कॅमेऱ्यात घालण्याआधी खोट्या बॅटरीच्या ठिपक्यांवर मीटर टेकवला. हे माझं शिक्षण. आकडा आला आठ पूर्णांक चार व्होल्ट. माझ्या कॅमेऱ्याच्या खऱ्या बॅटरीवर लिहिलेलं होतं तीन पूर्णांक सहा. पूर्ण भरली तरी ती चाराच्या थोडी वर जाते. आकार बरोबर होता, ठिपके बरोबर होते, वीज दुसऱ्याच कुठल्या मोठ्या कॅमेऱ्याची होती. दुपटीने.

"घालून बघ," थिया म्हणाली. "थोडी जास्त मिळाली तर काय झालं? कोण नको म्हणतं?"

"थिया, मरेल तो."

डेस मात्र त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. "हे आधी मोजलंस ते बरं केलंस, पोरी," ते म्हणाले. "मी तीन माणसं ओळखायचो, ज्यांनी नंतर मोजलं." मग त्यांनी एवढंच सांगितलं, की मोजताना लाल-काळं उलटं नाही ना, हेही दर वेळी बघ, आणि कंपनीने पाठवलेल्या कागदावर विसंबू नकोस. त्या क्षणी मला ते लायसनवाले वाटले.

दुसरी वायर मागवली. पुन्हा पोस्ट, पुन्हा तेविता, पुन्हा आईचा फोन. या वेळी मीटरने चार पूर्णांक दोन दाखवलं. खोटी बॅटरी आत गेली, झाकण लागेना. वायर बाहेर यायला झाकणात खाच असावी लागते आणि माझ्या कॅमेऱ्याच्या कर्त्यांना ते सुचलं नव्हतं. झाकण उघडं ठेवून चिकटपट्टी लावू म्हटलं, तर झाकण लागल्याशिवाय कॅमेरा सुरूच होत नाही. शेवटी डेसनी बारीक कानस आणली आणि झाकणाला तीन मिलिमीटरची खाच पाडली. ती पाडताना त्यांचा हात अजिबात हलला नाही. खाचेच्या कडा त्यांनी घासून गुळगुळीत केल्या, वायर सोलली जाऊ नये म्हणून. बाहेर वायरीला एक वळसा देऊन ती डब्याला बांधली, कुणी ओढलं तर ओढ कॅमेऱ्यावर येऊ नये म्हणून.

झाडावर चढवण्याआधी थियाच्या स्वयंपाकघरात चाचणी घेतली. कॅमेरा वीस मिनिटं चालला आणि मेला. पुन्हा चालू केला, पुन्हा वीस मिनिटं. मी अख्खी दुपार वायरीला दोष दिला. गुन्हेगार निघाली पॉवर बँक. डुलकी घेणारा कॅमेरा इतकी कमी वीज ओढायचा की तिला वाटायचं, कुणाचा तरी फोन भरला, आता आपलं काम संपलं. ती बंद व्हायची. इमानदार कॅमेऱ्याला कमी खाण्याची शिक्षा!

"म्हणजे तिला आणखी एक खाणारं तोंड हवं," थिया म्हणाली आणि आतून एक छोटा पंखा घेऊन आली. उन्हाळ्यात चर्चमध्ये ती तो हातात धरून बसते. तोही वायरीवर चालतो. पॉवर बँकेच्या दुसऱ्या भोकात पंखा लावला. तो अखंड वीज खाऊ लागला आणि कॅमेरा त्याच्या पुण्याईवर जगू लागला. वर डब्यातली गरम हवा बाहेर जायची सोयही झाली. थियाने पंख्यावर क्रूस काढला. मी शास्त्रीय कारणांसाठी तिकडे दुर्लक्ष केलं.

आता झाडावर चढणं. इथे डेसनी सुरक्षेचा विषय हातात घेतला. शिडी त्यांची होती, त्यामुळे नियमही त्यांचे. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, त्यावर चारी बाजूंनी उभ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पक्षी लांब राहावा म्हणून. मी फणसासारखी दिसत होते. आणि अंगात कामगारांचं चमकतं पिवळं जाकीट. "रस्त्याच्या कडेला शिडी लावायची तर पिवळं जाकीट पाहिजे," डेस म्हणाले. "सुरक्षा म्हणजे सुरक्षा." आमच्या गावात पिवळ्या जाकिटाशिवाय कुणी कचऱ्याचा डबासुद्धा सरकवत नाही. मला त्यात काहीच चूक दिसली नाही.

सोमवारी सकाळी आठला कॅमेरा सुरू झाला.

आता मी प्रामाणिकपणे सांगते. त्या पाच दिवसांत मी झाडाखाली फक्त पाच वेळा जायला हवं होतं, रोज सकाळी पॉवर बँक बदलायला. मी एकतीस वेळा गेले. सोमवारी दुपारी ढग आले, म्हणून डब्याला प्लॅस्टिक लावायला. प्लॅस्टिकने काचेवर वाफ धरली, म्हणून ते काढायला. मंगळवारी पॉवर बँक बदलताना घाईत कॅमेरा बंद न करता वायर उपटली आणि लिहिता लिहिता कार्ड बिघडलं. नशीब, ते साडेसात वाजता होतं, आठच्या आत, आणि सोमवारचे फोटो कार्डावरून परत मिळवता आले. त्यानंतर आधी कॅमेरा बंद, मग वायर, हा नियम मी डब्यावर लिहून चिकटवला आणि तो चिकटवायला पुन्हा एकदा गेले. पण जास्तीत जास्त वेळा मी गेले ती नुसतीच, चालू आहे की नाही ते बघायला. सलग! दर वेळी हेल्मेट, जाकीट, शिडी. आणि बहुतेक वेळा मागून शूं करून वारा यायचा, चोचीचा टक असा आवाज हेल्मेटवर व्हायचा, आणि समोरच्या ओसरीवरून डेस मोठ्याने आकडा म्हणायचे.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे फोटो पाहिले. सहा हजारांहून जास्त निघाले. त्यातले निम्मे एका पानाचे. ते पान फार हलायचं. उरलेल्यांतून मी तक्ता केला. झाडाखालून चारशे अठरा माणसं साध्या कपड्यांत गेली. झडपा शून्य. शाळेची मुलं, प्रॅम ढकलणाऱ्या बाया, कुत्री, एक माणूस चक्क बॅगपाइप वाजवत गेला. पक्ष्याने मान वळवून नुसतं पाहिलं. झडपा एकूण सत्तावीस. तीन गॅसचा मीटर वाचणाऱ्यावर, दोन कौन्सिलच्या गवत कापणाऱ्यावर, आणि बावीस माझ्यावर. तिघांच्याही अंगात पिवळं जाकीट.

डेसनी चष्मा काढून पुसला. "मागच्या वर्षी तारांना लागतात म्हणून या झाडाच्या फांद्या तोडल्या," ते म्हणाले. "टोळी आली होती सहा जणांची. खालच्या फांदीवर घरटं होतं, कुणी वर बघितलं नाही."

"पिवळी जाकिटं?"

"मग काय सूट घालून येणार?"

 मी तक्त्याखाली 'कारण' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, कारण एका आठवणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पण ते प्रश्नचिन्ह मी जरा लहानच काढलं.

तेविताचं जाकीटही पिवळंच. यावर उपाय म्हणजे ते काढणं. पण पोस्टाचा नियम, जाकिटाशिवाय फेरी नाही. मी नियम मागवून वाचला. त्यात लिहिलं होतं, पिवळं किंवा केशरी. सोमवारी सहा किलोमीटर जाऊन मी तेवितासमोर तक्ता ठेवला. त्याने तो दोनदा वाचला.

"आणि पाखराने हा तक्ता वाचला नसेल तर?"

"तर तुझ्या आईचा सल्ला आहेच."

मंगळवारी तेविता केशरी जाकिटात आला. रस्ताभर पडदे सरकले. तो झाडाखाली आला, गाडी थांबवली, मान खांद्यात घातली. मॅगपाय फांदीवर होता. त्याने केशरी डोंगराकडे पाहिलं आणि पाठ फिरवून पंख साफ करू लागला. तेविताने थियाच्या हातात तीन आठवड्यांची तीन पत्रं एकदम ठेवली. थियाने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यासाठी त्याला बरंच वाकावं लागलं. बुधवारी काही नाही. गुरुवारी काही नाही, फक्त थियाची बिस्किटं.

शुक्रवारी लोरेल बाई निर्णय द्यायला आल्या. मी सांगितल्याप्रमाणे केशरी जाकीट घालून आल्या होत्या आणि सुरक्षितपणे बरोबर झाडाखाली उभ्या राहिल्या. मी निळा स्वेटर घातला होता. ना हेल्मेट, ना काही. चारशे अठरा माणसांवर माझा विश्वास होता. हातात तक्ता घेऊन, विजयी मुद्रेने मी रस्ता ओलांडला.

तो समोरून आला. मागून नव्हे, समोरून, माझ्या तोंडाकडे बघत. मी तक्ता वर धरला. त्याने तक्त्याला वळसा घातला आणि माझा डावा कान फोडला.

"आई गं!" लोरेल बाई म्हणाल्या.

"अठ्ठावीस," डेस पलीकडून म्हणाले. मग त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते शिडी घेऊन आले. शिडीची कुणाला गरज नव्हती.

थियाच्या ओसरीवर मला बसवलं. तिने कानाला कापसाने काहीतरी लावलं, ज्याला औषधापेक्षा बडीशेपेचा वास जास्त होता. मॅगपाय चेहरे ओळखतो, हे मला पाठ्यपुस्तकातून ठाऊक होतं. बाकीच्यांना तो कपड्यावरून ओळखत होता. मला मात्र एकतीस भेटींमध्ये त्याने जाकिटाच्या आतून शोधून काढलं होतं.

लोरेल बाईंचा सूर आता बदलला होता. "मला हे आवडत नाही," त्या म्हणाल्या, "पण रक्त आलं आणि ते मी स्वतः पाहिलं. नोंद करावीच लागते. जखमी, एक. आता तक्रार तुमची, कारण दुसरं कुणी उरलंच नाही. इथे सही केलीत तर उद्या सकाळी पिंजरा येईल. सही केली नाहीत तर कारण लिहा. आणि 'दया आली' असं लिहू नका, ते वरून परत येतं. वस्तुस्थिती लागते."

थिया कापूस धरून उभी होती.  पत्रं तिच्या एप्रनच्या खिशात होती. वर घरट्यातून पिल्लांचा तो न संपणारा किरकिरा आवाज येत होता.

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. माझे फोटो मी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले होते, 'निरीक्षक' या नावाने, मोजणीतून वगळायला सोपं जावं म्हणून. ते मी आजवर सलग पाहिले नव्हते. आता पाहिले. शिडी लागते. पिवळी बाई चढते. काटेरी डोकं फांद्यांमधून वर येतं. हात पुढे होतो. तोंड इतकं जवळ येतं की फोटोत नुसता एक डोळा मावतो. ती जाते. दोन तासांनी परत येते. घरटं त्या डब्याच्या वर हातभर अंतरावर होतं.

लोरेल बाईंनी हे फोटो मागितले नव्हते. तक्ता त्यांना पुरला असता, आणि तक्त्यात मी निव्वळ पीडित होते. खरं सांगायचं तर क्षणभर तो तक्ता मला फार आवडला. फोडलेल्या कानाला इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. पण मी प्रयोगशाळेत रोज दुसऱ्यांच्या पाण्यातला गाळ मोजते. स्वतःच्या नमुन्यातला ओतून टाकला, तर मग मला दुसरं काही काम उरत नाही.

चारशे अठरा माणसं त्याने तपासून सोडून दिली होती. केशरी रंगाची शंका आली तेव्हा त्याने थांबून पाहिलं होतं. आणि घरट्यापाशी वारंवार हात घालणारं एक माणूस त्याने कपडे बदलल्यावरही बरोबर वेगळं काढलं होतं. त्याच्याकडे मीटर नव्हता, वही नव्हती.

मी पेन मागितलं. सहीची जागा कोरी सोडली. सही न करण्याच्या कारणापुढे लिहिलं: 'पक्ष्याचा निष्कर्ष बरोबर आहे.'

लोरेल बाईंनी ते वाचलं. खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "पुरावा?"

मी लिहिलं: 'सोबत एकतीस फोटो. सगळ्यांत मी आहे.'